कुलपांचा क्रम चुकतो तेव्हा

मोबाइलमधल्या एखाद्या फोल्डरवर बोट दाबून धरायचे, ‘मूव्ह’ निवडायचे आणि तो दुसऱ्या फोल्डरमध्ये सोडायचा. आत लग्नाचे हजार फोटो असोत की तीनच. साठा तोच असेल तर काम क्षणात होते. कारण फोटो जागचे हलतच नाहीत. बदलतात त्या फक्त नोंदी: कोणता फोल्डर कोणाच्या पोटात आहे, एवढेच.

या क्षणभराच्या कामात एक चूक वर्षानुवर्षे दडून होती. ‘लिनक्स’ या प्रचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ती २०२३ साली दुरुस्त झाली. दुरुस्ती विचारपूर्वक केलेली होती, जाणत्या माणसाने केलेली होती. तरी तिच्यातून दुसरी चूक जन्माला आली आणि तिची दुरुस्ती व्हायला २०२४ उजाडले. बाहेर कुठे गाजावाजा झाला नाही. पण अँड्रॉइडचा प्रत्येक फोन याच कर्नलवर चालतो, इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात आणि जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक तर नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे त्यावर चालतात. शिवाय सध्या चुका शोधण्याचे आणि दुरुस्त्या लिहिण्याचे काम यंत्रांकडून करून घेण्याचा उत्साह आहे. चूक सापडणे आणि चूक सुटणे यांत किती अंतर असते, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

फोल्डर म्हणजे कप्पा, असे आपण समजतो. कर्नलच्या दृष्टीने ती एक यादी असते. कोणत्या नावाची फाइल साठ्यात कुठे आहे, याची यादी. याच यादीत आणखी एक नोंद असते: ‘माझा पालक फोल्डर कोणता’. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव असावे तशी. फोल्डर एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवला की तीन ठिकाणी लिहावे लागते. जुन्या पालकाच्या यादीतून नाव खोडायचे, नव्या पालकाच्या यादीत ते चढवायचे आणि हलवलेल्या फोल्डरच्या स्वतःच्या आतली पालकाची नोंद बदलायची.

आता संगणकात एका वेळी एकच काम चालत असते तर प्रश्नच नव्हता. पण साध्या फोनच्या प्रोसेसरमध्येही आठ-आठ गाभे असतात आणि ते एकाच वेळी वेगवेगळे प्रोग्राम चालवतात. दोन कारकून एकाच मस्टरवर एकाच वेळी लिहू लागले तर मस्टरचे जे होईल तेच यादीचे होईल. म्हणून प्रत्येक यादीला एक कुलूप दिलेले असते. ज्याला लिहायचे आहे त्याने आधी कुलूप घ्यायचे, लिहून झाले की सोडायचे. तोवर बाकीच्यांनी थांबायचे. हे कुलूप चोरांसाठी नाही. ते आपसातल्या सभ्यतेचे कुलूप आहे. कोणी ते न घेता लिहिले तर त्याला अडवणारे काहीही नसते.

पहिली चूक नेमकी तिथे होती. जुन्या पालकाचे कुलूप घेतले जाई, नव्या पालकाचेही घेतले जाई. पण जो फोल्डर हलतो आहे त्याचे स्वतःचे कुलूप कोणी घेत नव्हते. तिसऱ्या ठिकाणचे लेखन उघड्यावर चालले होते.

त्याचा त्रास सर्व फाइल सिस्टीमना सारखा नव्हता. फाइल सिस्टीम म्हणजे साठ्यावर याद्या प्रत्यक्ष कशा मांडायच्या याची पद्धत, आणि लिनक्समध्ये अशा डझनावारी पद्धती आहेत. त्यांतल्या ‘ईएक्सटी४’ या फार वापरात असलेल्या पद्धतीत एक काटकसर आहे. फोल्डर लहान असेल तर त्याची यादी स्वतंत्र जागेत न ठेवता फोल्डरच्या मूळ नोंदीतच कोंबता येते; वहीच्या पुठ्ठ्यावर चार नावे लिहावीत तशी. नावे वाढली, पुठ्ठा भरला की सगळा मजकूर उचलून आतल्या पानावर न्यायचा. आता समजा एक प्रोग्राम हा फोल्डर हलवतो आहे. त्याने पुठ्ठ्यावर पालकाची नोंद कुठे आहे ते शोधले आणि बदल लिहायला हात उचलला. तेवढ्यात दुसऱ्या प्रोग्रामने त्याच फोल्डरमध्ये एक नवी फाइल तयार केली. पुठ्ठा भरला आणि मजकूर पानावर गेला. पहिल्याचा हात मात्र अजून पुठ्ठ्यावरच आहे. यान कारा यांनी या दुरुस्तीसोबत जोडलेल्या टिपणात परिणाम एका वाक्यात नोंदवला आहे: अशी गाठ पडली की नोंद हलवणारा कोड गोंधळतो आणि यंत्र कोसळते.

दोन घटना काही लाखांश सेकंदाच्या अंतरात घडल्या तरच ही चूक दिसणार. चाचणी हजार वेळा केली तरी हजार वेळा उत्तर बरोबर येऊ शकते. गणिताचा पेपर तपासावा तशी ही चूक तपासता येत नाही, कारण प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबरच असते. चूक दोन ओळींच्या मधल्या वेळेत असते.

कारा हे ‘सुसे’ या कंपनीतील आणि लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर दीर्घकाळ काम करणारे अभियंते. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी ईएक्सटी४ पुरता सरळ उपाय केला: हलवायच्या फोल्डरचे कुलूप घ्या, मग लिहा. पण मग लक्षात आले की ‘यूडीएफ’मध्ये हेच होते, ‘एफ२एफएस’मध्ये होते (अनेक अँड्रॉइड फोनमध्ये हीच पद्धत असते), ‘ओसीएफएस२’मध्येही होते. शिवाय प्रत्येक फाइल सिस्टीमच्या वर एक सामाईक थर असतो. फोल्डर हलवण्याची आज्ञा आधी या वरच्या थराकडे येते. पालकांची कुलपे तोच घेतो आणि मग काम खाली सोपवतो. खालच्या थराने वरच्याला न सांगता आणखी एक कुलूप घेणे म्हणजे वेगळेच संकट ओढवून घेणे होते. म्हणून त्यांनी खालचे उपाय काढून टाकले आणि कुलूप घेण्याचे काम वरच्या थरात नेले. कारणही लिहून ठेवले: कुलपांचा क्रम बरोबर राखणे फार अवघड आहे, त्याचे ओझे प्रत्येक फाइल सिस्टीमवर टाकायला नको. ऑगस्ट २०२३ च्या ६.५ या आवृत्तीत हा बदल आला.

आता हा ‘क्रम’ कशासाठी, ते पाहू.

सरकारी कचेरीत ज्याने खेटे घातले आहेत त्याला हे सांगावे लागत नाही. एका खिडकीवर म्हणतात, तो दाखला आणल्याशिवाय हा मिळणार नाही. दुसऱ्या खिडकीवर म्हणतात, हा आणल्याशिवाय तो मिळणार नाही. दोन्ही खिडक्या नियमाला धरून असतात आणि माणूस मधल्या बाकावर बसून राहतो. संगणकात एका प्रोग्रामने ‘क’चे कुलूप घेऊन ‘ख’साठी थांबावे आणि दुसऱ्याने ‘ख’चे घेऊन ‘क’साठी थांबावे, की हीच अवस्था येते. फरक इतकाच, की माणूस कंटाळून घरी जातो. प्रोग्राम जात नाही. कर्नलमधली ही प्रतीक्षा अशी असते की प्रोग्राम सक्तीने बंद करायला गेले तरी तो बंद होत नाही. त्याच फोल्डरची गरज असलेले इतर प्रोग्राम मागे येऊन थांबतात आणि रांग वाढत जाते. फोनवर आपण याला ‘हँग झाला’ म्हणतो आणि बटण दाबून धरतो. जिथे शेकडो लोकांचे काम एका सर्व्हरवर चालते, मग ती बँक असो की रुग्णालयाचा नोंदणी विभाग, तिथेही शेवटी तोच उपाय उरतो: यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे.

डच शास्त्रज्ञ एड्सगर डायकस्ट्रा यांनी १९६५ च्या सुमारास या अडचणीला नेमके रूप दिले. जेवायला गोल बसलेले पाच तत्त्वज्ञ आणि त्यांच्यामधले पाच काटे, हे त्यातून आलेले कोडे संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सोडवावे लागते. त्याचे एक सोपे उत्तर म्हणजे सर्व कुलपांना एक ठरलेला क्रम द्यायचा. प्रत्येकाने त्याच क्रमाने कुलपे घेतली तर वर्तुळ कधीच पूर्ण होत नाही आणि कोणी कायमचा अडकत नाही.

फोल्डरांचा नैसर्गिक क्रम म्हणजे वंशावळ. आधी आजोबा, मग बाप, मग मुलगा. पण ज्या दोन फोल्डरांमध्ये पूर्वज-वंशज असे नातेच नाही त्यांचे काय? कारा यांच्या बदलात त्यासाठी सोपा नियम होता: संगणकाच्या स्मृतीत ज्याचा पत्ता लहान, त्याचे कुलूप आधी. संबंध नसलेल्या वस्तूंसाठी हा नियम कर्नलमध्ये इतरत्रही सर्रास वापरतात. म्हणजे एक नियम वंशावळीचा आणि दुसरा पत्त्याचा. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष.

दोन्ही एकत्र आले की काय होते ते पंगतीत पाहू. समजा यजमानाने ठरवले की एकाच घरातले दोघे असतील तर वडीलधाऱ्याने आधी बसायचे आणि वेगवेगळ्या घरांतले असतील तर नावांच्या अकारविल्हे क्रमाने. वाद नको म्हणून केलेला अगदी न्याय्य नियम. आता दारात तिघे आहेत: वसंतकाका, त्यांचा पुतण्या अनिल आणि शेजारचे मोहनराव. वसंतकाका अनिलच्या आधी, कारण घरातले वडील. अनिल मोहनरावांच्या आधी, कारण ‘अ’ आधी येतो. आणि मोहनराव वसंतकाकांच्या आधी, कारण ‘म’ हा ‘व’च्या आधी. पानावर कोणीच बसत नाही. तिघेही नियमाने वागत आहेत.

गणितात याला म्हणतात की हा संबंध संक्रामक नाही. क आधी ख, ख आधी ग, यावरून क आधी ग असे ठरत नसेल तर तो क्रमच नव्हे. वंशावळ हा क्रम आहे, पत्ता हाही क्रम आहे. दोघांची सांगड हा क्रम नाही. लिनक्सच्या या सामाईक थराची जबाबदारी अनेक वर्षे सांभाळणाऱ्या अल व्हिरो यांचा आक्षेप नेमका हाच होता. त्यांनी तो फारसे शब्द न वाढवता नोंदवला आणि दुरुस्तीची मालिका तयार केली. ती मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.८ या आवृत्तीत आली.

ही दुरुस्ती वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात आणखी कुलपे लावलेली नाहीत. उलट एक काढले आहे. कर्नलमध्ये प्रत्येक साठ्यासाठी एक मोठे कुलूप आधीपासून आहे. फोल्डर एका पालकाकडून दुसऱ्याकडे न्यायचा असेल तर आधी ते घ्यावे लागते. म्हणजे त्या साठ्यात असे स्थलांतर एका वेळी एकच. हे कुलूप एकाच्या हातात असेपर्यंत कुटुंबातली नाती बदलत नाहीत आणि दोन उपफोल्डरांची कुलपे एकदम मागणारा दुसरा कोणी उभाच राहत नाही. मग त्यांच्यातला क्रम संक्रामक नसला तरी बिघडत नाही. पंगतीच्या दारात एकच माणूस उभा असेल तर आधी कोण हा प्रश्नच येत नाही, तसे. व्हिरो यांनी नियम असा घातला की हे मोठे कुलूप हाती नसताना दोन उपफोल्डरांची कुलपे कधीही एकत्र घ्यायची नाहीत.

मग फोल्डर न हलवता फक्त त्याचे नाव बदलायचे असेल तर? तिथे मोठे कुलूप घेतले जात नाही. २०२३ च्या बदलाने तिथेही त्या फोल्डरचे कुलूप घ्यायला सुरुवात केली होती. व्हिरो यांनी विचारलेला प्रश्न इतका साधा आहे की आधी कसा सुचला नाही याचे नवल वाटावे. पालकाची नोंद बदलावी लागते म्हणून हे कुलूप घ्यायचे. पण पालक बदलतच नसेल तर नोंद तरी का बदलायची? मुलाचे नाव ‘बाळ’वरून ‘बाळासाहेब’ झाले म्हणून दाखल्यावरचे वडिलांचे नाव खोडून पुन्हा तेच लिहीत नाहीत. काही फाइल सिस्टीम मात्र आळसाने तसेच करत होत्या: नाव बदलले की पालकाची नोंद उघडायची आणि होती तीच पुन्हा लिहायची. तेवढी सवय मोडली की कुलपाची गरजच संपत होती. म्हणून मालिकेतल्या सुरुवातीच्या दुरुस्त्या त्या फाइल सिस्टीमच्या आहेत. त्यांतल्या काही स्वतः कारा यांनीच लिहिलेल्या आहेत. ज्याच्या बदलातून अडचण आली त्यानेच ती सोडवायला हातभार लावावा, यात तिथे कोणाला विशेष वाटले नाही. आपल्याकडे वाटले असते.

याच मालिकेत आणखी एक जुना खड्डा बुजवला गेला. मोठे कुलूप हाती असताना कोण कोणाचा पूर्वज हे बदलत नाही, असे गृहीत धरलेले होते. ते जवळजवळ खरे होते. फाइली नेटवर्कवरून इतर यंत्रांना पुरवणाऱ्या सर्व्हरला कधी कधी एखादा फोल्डर माहीत असतो, पण त्याचा पत्ता, म्हणजे तो कोणाच्या पोटात आहे हे, अजून माहीत नसते. घरातली एक शाखा वंशावळीला जोडायची राहून जावी तशी. ती शाखा नेमकी कुलपे घेण्याच्या काळातच मुख्य झाडाला जोडली गेली तर आत्तापर्यंत परके असलेले दोन फोल्डर एकदम आजोबा-नातू होतात आणि घेतलेला क्रम चुकीचा ठरतो. आता अशा वेळी कर्नल थांबून राहत नाही, काम नाकारून त्रुटीचा संदेश देतो.

या सगळ्यात प्रत्यक्ष कोडचा भाग लहान आहे. मोठा आहे तो मजकूर. लिनक्सच्या कोडसोबत एक दस्तऐवज असतो. फोल्डरांची कुलपे कोणत्या क्रमाने घ्यायची आणि त्यामुळे कोणी अडकत का नाही, याची सिद्धता त्यात आहे. भूमितीच्या पुस्तकात असावी तशी: समजा असे वर्तुळ तयार झाले, तर अमुक होईल, ते शक्य नाही, म्हणून वर्तुळ तयार होत नाही. व्हिरो यांनी कोडबरोबर ही सिद्धताही दुरुस्त केली. ती साध्या इंग्रजीत लिहिलेली आहे. ती बरोबर आहे की नाही हे कोणतेही यंत्र तपासत नाही. तपासतात ती माणसे, आणि ती पूर्ण समजणारी माणसे फार नाहीत.

कुलपांच्या चुका पकडणारी साधने नाहीत असे नाही. इंगो मोल्नार यांनी तयार केलेला कुलूप-तपासनीस २००६ पासून कर्नलमध्ये आहे आणि त्याने असंख्य चुका वाचवल्या आहेत. तो कोणत्या प्रकारचे कुलूप कोणत्या प्रकारानंतर घेतले गेले याची नोंद ठेवतो आणि कधी तरी उलटा क्रम दिसला की, यंत्र अडकले नसले तरी, ओरडतो. पण त्याच्या नजरेला सगळ्या फोल्डरांची कुलपे एकाच प्रकारची दिसतात. आजोबा कोण, नातू कोण, हे त्याला कळत नाही. म्हणून प्रोग्रामरच त्याला खुणेने सांगतात, हा पालक आहे, हे मूल आहे, ओरडू नकोस. खूण चुकीची असली तर पहारेकरी गप्प बसतो.

हे सगळे टाळण्याचा एक जुना मार्ग होता. १९९६ मध्ये लिनक्स पहिल्यांदा एकाहून अधिक प्रोसेसरवर चालू लागले तेव्हा संपूर्ण कर्नलला मिळून एकच कुलूप होते. कोणताही प्रोग्राम कर्नलमध्ये शिरला की बाकीच्यांनी बाहेर थांबायचे. अडकण्याची भीती कमी, पण दुसरा प्रोसेसर नुसता शोभेला. ते कुलूप तुकड्या-तुकड्याने काढायला १५ वर्षे लागली. शेवटचा तुकडा आर्न्ड बर्गमन यांनी २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत काढला. प्रत्येक तुकड्याच्या जागी बारीक बारीक कुलपे आली, वेग वाढला, आणि त्या कुलपांमधले करार वाढले. आपल्या हातातल्या फोनचा वेग याच किमतीवर मिळालेला आहे.

आता नव्या उपायांकडे पाहू. ‘रस्ट’ ही प्रोग्रामिंगची भाषा कर्नलमध्ये आणण्याचा प्रयोग काही वर्षे चालला होता. डिसेंबर २०२५ मध्ये प्रमुख देखभालकर्त्यांच्या बैठकीत तो ‘प्रयोग’ राहिला नसल्याचे ठरले. कुलूप न घेता लिहिणे ही पहिली चूक या भाषेत बहुतांशी करताच येत नाही. कोड तयार होण्याआधीच भाषा अडवते. याचे मोल मोठे आहे. मात्र कुलपे चुकीच्या क्रमाने घेणे ही दुसरी चूक रस्ट अडवत नाही. आणि पहिलीही पूर्णपणे नाही. त्याच डिसेंबरात कर्नलमधल्या रस्ट कोडमधली पहिली अधिकृत सुरक्षा-त्रुटी नोंदली गेली. ती अँड्रॉइडमध्ये प्रोग्रामांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या ‘बाइंडर’ या भागात होती. एक यादी कुलूप घेऊन बाजूला काढली, कुलूप सोडले आणि मग यादी चाळली. तेवढ्यात दुसरा कोणी त्याच यादीतली नोंद काढू शकत होता. ‘इथे माझ्यावर विश्वास ठेव’ असे प्रोग्रामरने भाषेला सांगितलेल्या ओळीतच ती चूक होती. मोल्नार यांच्या पहारेकऱ्याला केलेल्या खुणेचीच ही बहीण.

कृत्रिम बुद्धिमत्तेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि अधिक रंजकही. २०२५ मध्ये शॉन हीलन या सुरक्षा-संशोधकाने ‘ओपनएआय’च्या ‘ओ३’ या प्रारूपाला लिनक्स कर्नलमधल्या, नेटवर्कवर फाइली वाटून देणाऱ्या भागाचा कोड वाचायला दिला. हीलनना त्यातली एक चूक आधीच माहीत होती. प्रारूपाला ती १०० पैकी ८ प्रयत्नांत सापडली. त्याने आणखी एक, कोणालाच माहीत नसलेली चूकही दाखवली. एका जोडणीने वापरकर्त्याची नोंद पुसायची आणि त्याच क्षणी दुसऱ्या जोडणीने ती वापरायची, अशी ती वेळेच्या फटीतली चूक होती. कर्नलमध्ये तिची दुरुस्तीही झाली. पण त्याहून बोलका भाग वेगळा आहे. पहिल्या चुकीवर हीलन यांनी स्वतः सुचवलेली दुरुस्ती अपुरी होती, हे त्यांना यंत्राचा हा अहवाल वाचताना कळले. एका जोडणीचा विचार करून लिहिलेली दुरुस्ती दोन जोडण्यांपुढे टिकत नव्हती. कारा यांच्या बाबतीत झाले तेच, वेगळ्या वेषात.

म्हणजे यंत्र उपयोगी पडले, यात शंका नाही. पण १०० पैकी ८ याची दुसरी बाजू अशी की उरलेल्या ९२ वेळा ते चुकीकडे बोट दाखवू शकले नाही, आणि त्यांतले बरेच अहवाल नसलेल्या चुका सांगणारे होते. असा प्रत्येक अहवाल कोणीतरी वाचायचा असतो. चार कोटींच्या घरात ओळी असलेल्या कर्नलला अहवाल लिहिणाऱ्यांची आता कमतरता राहणार नाही. कमतरता आहे ती ‘हा क्रम संक्रामक नाही’ एवढे वाक्य लिहू शकणाऱ्या वाचकाची. तो तयार व्हायला वीस-वीस वर्षे लागतात, आणि त्याचा पगार बहुधा दोन-चार कंपन्यांच्या मर्जीवर असतो. सरकारे, बँका, फोन-उत्पादक हे सारे या कोडवर उभे आहेत. त्याच्या वाचनावर मात्र त्यांचा खर्च फार थोडा. लिनक्सच्या बाबतीत पैशाचा प्रश्न निघाला की नव्या सुविधांची चर्चा होते. जुने दस्तऐवज कोण वाचते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

राहिला आपला फोन. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि तिथे अँड्रॉइडच्या आवृत्तीवर गेले की बहुतेक फोनमध्ये ‘कर्नल व्हर्जन’ अशी ओळ दिसते. तिथे ६.८ पेक्षा लहान आकडा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, ५.१५ किंवा ६.१ सारख्या जुन्या शाखा वर्षानुवर्षे सांभाळल्या जातात आणि महत्त्वाच्या दुरुस्त्या मागे नेऊन त्यांतही बसवल्या जातात. पाहायचा तो तिसरा आकडा, ५.१५ नंतरच्या टिंबापुढचा. प्रत्येक नव्या दुरुस्ती-संचाबरोबर तो वाढतो. फोनला अद्ययावत संच आला की तोही वाढायला हवा. कंपनीने संच पाठवणे थांबवले असेल तर तो आकडा तिथेच थांबलेला दिसेल.